यामिनीची काठोकाठ टाकी

एका गावात एक भोळी आई होती. गाव म्हणजे नगरपालिका असलेलं गाव, आणि भोळी म्हणजे एम.एस्सी. झालेली. अडाणी माणूस सांगितलेलं ऐकतं, थोडं विसरतं आणि निभावून नेतं. शिकलेलं माणूस लक्षात ठेवतं. यामिनी सगळं लक्षात ठेवायची.

तिची मुलगी रेवा अजून रांगत होती. डॉक्टर यामिनीला म्हणाले होते, "बाळ झोपलं की तुम्हीही झोपून घ्या." एकदा रेवा भाजीबाजारात झोपली. यामिनी लगेच कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी आडवी झाली. भाजीवालीने तिच्या अंगावर गोणपाट घातलं. तुम्ही हसा. मी हसत नाही. मीही एकदा अशीच आडवी झाले होते; माझ्या ओढणीला अजून कोथिंबिरीचा वास येतो.

तर त्या गावात उन्हाळ्यात नळ यायचा तर यायचा, नाही तर नाही. रेवाच्या अंघोळीसाठी यामिनी शेजारच्या गोदाकाकूंकडे बादली घेऊन जायची. काकूंच्या अंगणात विहीर होती. काकू पाणी द्यायच्या, पण नुसतं पाणी द्यायच्या नाहीत.

"घे बाई. एवढं शिकून घरात बादलीभर पाणी नाही. लेकराकडे बघून देते हो."

यामिनी मान खाली घालून बादली आणायची. घरी येईस्तोवर अर्धी बादली सलवारीवर आणि अर्ध्याहून जास्त जीव रस्त्यावर सांडलेला असायचा. शेवटी तिने नवऱ्याला, निनादला, सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी त्या दारात बादली नेणार नाही. काय करायचं ते कर."

निनादने केलं. पावसाचं पाणी साठवायला गच्चीवरून पाइप खाली आणला. परसात शेवग्याखाली मोठी काळी टाकी बसवली. मध्ये वाळू आणि कोळशाची गाळणी घातली. पाइपला एक तोटी लावली. ती उघडली की पाणी टाकीत न जाता गटारात जायचं.

"नीट ऐक," तो म्हणाला. "पहिलं पाणी सोडून द्यायचं. त्यात धूळ असते, कबुतरांची घाण असते. पहिलं सोडायचं, मग टाकी भरायची."

"कळलं," यामिनी म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

पाऊस काही येईना. म्हणून निनादने टँकर मागवला आणि तो ऑफिसला गेला. टँकर आला. यामिनीने टँकरची नळी उचलली आणि गटारात सोडली.

ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई! पाणी चाललंय सगळं!"

"जाऊ द्या. पहिलं आहे."

"पहिलं म्हंजे?"

"म्हणजे दुसरं कधी आणताय?"

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि दुसरीकडच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

संध्याकाळी निनादने कोरडी टाकी पाहिली आणि ओलं गटार पाहिलं. "अगं, फुकटचं पाणी असतं ना, आभाळातलं, त्यातलं पहिलं सोडायचं! विकतचं असेल तर थेंबभरही सोडायचं नाही!"

"असं होय," यामिनी म्हणाली. "फुकटचं असेल तर पहिलं सोडायचं. विकतचं थेंबभरही नाही. कळलं."

दुसऱ्या दिवशी तिने गच्ची धुवायला काढली. रेवा तिथेच रांगणार, तेव्हा जंतू नकोत, म्हणून फिनाईलची आख्खी बाटली ओतली. पांढरं पाणी पाइपाकडे निघालं. यामिनी क्षणभर थांबली. फिनाईल विकतचं होतं. ती धावत खाली गेली आणि तिने तोटी घट्ट बंद केली. थेंबभरही सोडलं नाही.

टाकीतून दवाखान्यासारखा वास येऊ लागला. शेवग्यावरची खार घर बदलून गेली.

निनादने टाकी तीनदा घासली, गाळणीतली वाळू बदलली. पाठ धरून तो म्हणाला, "यामिनी, रेवाला जपतेस ना, तसं या टाकीला जप. बस, एवढंच कर."

आता एवढं सोपं कोणी सांगितलं तर काय हवं! ते काम तिला येत होतं. रात्रंदिवस ती तेच करत होती.

तिने टाकीला तीट लावली. टाकी काळी होती, म्हणून चुन्याची पांढरी लावली. नळाचं चार बादल्या पाणी टाकीत घातल्यावर आतून गुडगुड आवाज आला. यामिनीने टाकीला कवेत घेतलं आणि ढेकर येईपर्यंत थोपटलं.

कुंपणापलीकडून गोदाकाकू बघत होत्या. "अगं, कोणाला थोपटतेयस?"

"टाकीला. पाणी घशाशी आलंय तिच्या."

काकू घरात गेल्या आणि त्यांनी दाराला कडी लावली.

आणि मग पाऊस आला. चांगला धो धो आला. यामिनीने आधी रेवाला आत घेतलं, टोपडं घातलं, शाल गुंडाळली. मग ती टाकीकडे धावली. पाइपाच्या तोंडात रेवाचं दुसरं टोपडं कोंबलं. गच्चीभर ताडपत्री पसरली. टाकीभोवती गोधडी बांधली. पाऊस दोन दिवस कोसळला. गच्चीवरचं सगळं पाणी ताडपत्रीवरून घसरून गोदाकाकूंच्या अंगणात पडलं. काकूंची विहीर भरली. टाकीला साधी शिंकही आली नाही.

निनादने गोधडी सोडली. ती पिळून त्याने दोरीवर टाकली.

"पाऊस आला की झाकायचं नसतं गं," तो अगदी हळू म्हणाला. "पाऊस आला की गच्चीवर जे काही झाकलेलं असेल ते उघडं टाकायचं. काय भिजेल, कोण भिजेल, बघत बसायचं नाही. पाणी टाकीत गेलं पाहिजे."

"हे आधी सांगायला नको?" यामिनी म्हणाली. "कळलं."

भाद्रपदात रेवाचा पहिला वाढदिवस आला. गच्चीवर मांडव घातला. वर ताडपत्री, खाली खुर्च्या. दोन्हीकडचे नातेवाईक आले. गोदाकाकू ठेवणीतली पैठणी नेसून आल्या. औक्षणाचं तबक आलं, रेवा पाटावर बसली. तेवढ्यात ताडपत्रीवर टपटप सुरू झालं.

"बरं झालं मांडव घातला," काकू म्हणाल्या.

यामिनीने रेवाला उचलून आत दिलं, कारण ती आई होती. मग परत येऊन तिने मांडवाच्या चारही दोऱ्या सोडल्या, कारण ती शिकलेली होती.

ताडपत्रीत साठलेलं पाणी एकदम काकूंच्या अंबाड्यावर आलं.

"अगं माझी पैठणी!"

"काकू, जरा बाजूला सरका. तुम्ही पाइपाच्या तोंडावर उभ्या आहात."

पाहुणे भिजले, तबकातलं निरांजन विझलं. पण ती सर जोरात आली आणि तिच्यामागून आणखी आल्या. महिनाअखेर टाकी काठोकाठ भरली. वाळूतून गाळलेलं निवळशंख पाणी. निनादने त्यात आपलं तोंड पाहिलं. मग यामिनीपुढे दोन्ही हात जोडले.

"आता हिला हात लावू नकोस. अशीच काठोकाठ राहू दे. उन्हाळ्यात काय ती कामाला येईल."

"कळलं."

यामिनीने टाकीला हात लावला नाही. झाकण उचलून बघायचं झालं तर ती सांडशीने उचलायची. पाणी काठोकाठ असायचं. तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. टाकीचा श्वास कोंडू नये म्हणून ती झाकण थोडं सरकवून ठेवायची.

उन्हाळा आला. नळ गेला. निनाद महिनाभर कामासाठी परगावी गेला. ऊन इतकं तापलं की एका सकाळी यामिनीने सांडशीने झाकण उचललं तेव्हा तिला आतला काठ कोरडा दिसला. पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. टाकी काठोकाठ नव्हती.

तिने रेवाला कडेवर घेतलं, बादली उचलली आणि ती थेट गोदाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आता गं काय? तुझी टाकी तर भरलेली आहे म्हणे!"

"दोन बोटं कमी आहे, काकू."

"मग लेकराची अंघोळ त्यातून घाल की."

"छे! हात लावायचा नाहीये. अंघोळ कसली, चार दिवस ओल्या फडक्याने पुसतेय हिला. मला टाकीत घालायला पाणी हवंय."

काकू हसायला लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या. पैठणीचा राग, तीट लावलेली टाकी, सगळं त्यांच्या डोळ्यांतून वाहिलं. मग त्यांनी स्वतः रहाट ओढून बादली भरून दिली. "ने बाई ने. माझ्या विहिरीत तुमच्याच गच्चीचं पाणी आहे."

यामिनी बादली घेऊन कुंपणापाशी आली आणि थबकली. तिला काहीतरी आठवलं.

"काकू, याचे पैसे घेणार का हो?"

"पाण्याचे कसले पैसे, वेडे!"

"म्हणजे फुकटचं," यामिनी म्हणाली. तिने बादली गटारात उपडी केली आणि ती परत वळली. "आता दुसरी द्या."