फणसाची गिटार

चिपळूणच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक भाऊसाहेब सुर्वे यांना इलेक्ट्रिक गिटार वाजवता येत नव्हती, पण तिच्या लाकडावर ते तासभर बोलू शकत. त्यांच्याकडे वाजवणाऱ्या वृंदा आंबेरकरने फणसाच्या लाकडाची गिटार बनवून घेतली, तेव्हापासून तर तिच्या डोक्याला रोजचा ताप झाला.

"फणसाचा आवाज चिकट येतो," भाऊसाहेब म्हणायचे. "गिटार हवी महोगनीची!"

कार्यक्रमाच्या दिवशी तालमीला त्यांनी आपली परदेशी, महोगनीची गिटारच तिच्या हातात दिली. "आज ही वाजव. ते फणसाचं लाकूड स्टेजवर दिसलं, तर उद्यापासून येऊ नकोस."

वृंदाने अ‍ॅम्प्लिफायरची वायर त्या गिटारला जोडली आणि ती वाजवायला लागली. हॉल दणाणला. भाऊसाहेब डोळे मिटून डोलू लागले.

"ऐकलंत? हे लाकूड बोलतंय, लाकूड!"

वृंदाने वायर उपटली आणि ती तितक्याच जोरात वाजवत राहिली. तारांची बारीक किणकिण पंख्याच्या घरघरीत बुडून गेली.

"अगं, आवाज कुठे गेला?"

"वायर काढली, भाऊसाहेब. आता एकटं लाकूड बोलतंय. या, जरा कान लावून ऐका."

भाऊसाहेब खरोखरच दोन पावलं पुढे आले. ढोलकीवाला खो खो हसला, तेव्हा कुठे ते थबकले.

"वाजव बाई तुला हवी ती," ते पुटपुटले.

वृंदाने फणसाची गिटार गळ्यात अडकवून वायर जोडली. तोच भाऊसाहेब खाकरले.

"पण वायर तांब्याची आहे ना? तांब्याचा आवाज कसा..."

वृंदाने अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवला.