सत्तावन्नावा देव

गोदामाईच्या काठी सिद्धतीर्थ क्षेत्री शंभुगिरी महाराजांचा मुक्काम होता, त्या चातुर्मासातली ही गोष्ट. सिद्धेश्वराचे मोठे देऊळ दुनियेला ठाऊक. पण ह्या गावाचे खरे वैभव गल्लीबोळांत आहे. कुठे तेल्याच्या ओट्याला टेकलेला गणपती, कुठे विहिरीच्या पायरीवर बसलेल्या साती आसरा, कुठे कोनाड्याएवढ्या देवळातला मारुती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अशा छप्पन्न देवांची यात्रा निघे. पहाटे गोदेतून तांब्याचा कलश एकदाच भरायचा, प्रत्येक देवाला एक पळी पाणी घालायचे आणि उरलेले सिद्धेश्वरावर ओतून कलश रिता करायचा. कलश रिता झाला की शंख वाजे आणि यात्रेकरू उपास सोडत.

परीटघाटावर सगुणा परटीण धुणे धुई. घाटाच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता. सासूने मरताना तिला सांगितले होते, "ह्यो आपला गुप्तेश्वर. ह्याच्यावर कापड आपटू नको." पंचवीस वर्षे सगुणेने तो शब्द पाळला. पहिली ओंजळ त्याला, मगच धुण्याला हात.

त्या साली घाटाला नव्या पायऱ्या बांधायचे ठरले, आणि क्षेत्रोपाध्ये गदाधरशास्त्री ह्यांनी तो दगड पायरीला लावायला सांगितला. सगुणा तडक त्यांच्या दारी गेली.

"शास्त्रीबुवा, त्यो देव हाये. यात्रेत त्याचंबी नाव घ्या. यात्रेतल्या देवाला गवंडी हात लावत न्हाईत."

शास्त्री विद्वान खरे, पण विद्येबरोबर ताठाही आला होता. चार माणसांत म्हणाले, "आमच्या पोथीत देव छप्पन्नच. आज परटिणीचा धोंडा पुजला, तर उद्या कुंभाराचं चाक देव्हाऱ्यात घ्यावं लागेल." भोवतालची मंडळी हसली.

सगुणा रडली नाही, की त्यांच्या पायाही पडली नाही. "तुमच्या पोथीत नसंल बुवा. पर पोथी लिवायच्या आधीबी गोदा वाहतच हुती," एवढे बोलून ती चालू लागली. तिचा तो ताठ कणा पाहून आपलाच ऊर भरून येतो!

तिथून ती महाराजांपुढे जाऊन बसली. "महाराज, उद्या यात्रा आन् परवा गवंडी येनार. आता म्या कुनापुढं पदर पसरू?"

महाराज म्हणाले, "कुणापुढेच नको. मागायचं ते देव मागेल. तू आपलं धुणं धू."

"त्यो कसा मागंल? त्याला त्वांड न्हाई."

"पाणी मागायला तोंड कशाला लागतं गं?" महाराज म्हणाले आणि नामस्मरणात बुडून गेले.

दुसऱ्या दिवशी सगुणा घाटावर धुणे आपटत होती, पण कान देवळाकडे लागले होते. शंख वाजला की यात्रा संपली, आणि तिच्या देवाची आशाही. सूर्य डोक्यावरून कलला, तरी शंख वाजेना.

तिकडे सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात वेगळेच घडत होते. शास्त्रीबुवांनी कलश कलता केला, धार पडली आणि मधेच थांबली. आत पाहिले, तर तळाशी पळीभर पाणी. कलश पुरता पालथा घातला, तरी थेंब गळेना! दुसऱ्याने हलवून पाहिला, तिसऱ्याने बुडावर थापा मारल्या. पाणी आपले जागच्या जागी. चाळीस यात्रेकरू पहाटेपासून उपाशी. म्हातारी माणसे खांबांना टेकून बसली. शास्त्रीबुवांना घाम फुटला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी एकही यात्रा अपुरी सोडली नव्हती.

सभामंडपात बसलेले महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी तुम्ही सिद्धेश्वराला कसं घालाल? त्यांनाच ते चालत नाही."

शास्त्रीबुवांना काय ते उमगले. मान खाली घालून ते कलशासह परीटघाटाकडे निघाले. मागे सारी यात्रा, आणि सर्वांच्या मागे महाराज.

सगुणेने ओले हात पदराला पुसले आणि ती दगडापुढे आडवी उभी राहिली. "शास्त्रीबुवा, अडलं म्हनून आला असाल तर माघारी जावा. धोंडा समजून वतनार असाल तर माझ्या देवाला तुमचं पानी नगं."

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. "नाही बाई. देव समजूनच आलोय. मला उशीर झाला."

ती बाजूला झाली. शास्त्रीबुवांनी कलश कलता केला मात्र, पाणी झुळझुळ ओघळले आणि कलश कोरडा ठणठणीत! यात्रेने एकच गजर केला, "हर हर महादेव!" शंख वाजला. आपल्या गुप्तेश्वराच्या नावाने वाजलेला तो शंख ऐकताना सगुणेची मान कशी ताठ होती म्हणून सांगू!

गदाधरशास्त्री चिखलात साष्टांग पडले. आधी गुप्तेश्वरापुढे, मग महाराजांपुढे. महाराज त्यांना उठवून म्हणाले, "पोथीत जागा करा. देवाने आपली जागा केव्हाच केली आहे."

शास्त्रीबुवांचे सोवळ्याचे उपरणे चिखलाने माखले होते. सोवळे म्हणजे घरच्याच माणसाने धुवायचे, परटाचा हात त्याला लागला की ते बाटले, अशी त्यांच्या घरची सात पिढ्यांची रीत. सगुणा सवयीने म्हणून गेली, "द्या, धुऊन देते," आणि तिने जीभ चावली.

शास्त्रीबुवांनी खांद्यावरचे उपरणे उतरवले, दोन्ही हातांवर ठेवले आणि प्रसाद द्यावा तसे, वाकून, तिच्यापुढे धरले.