कोंडाळं किती जणांचं?

करंजगडच्या दुर्गोजी राजांनी हुकूम काढला, की बाजारात कुणी कोंडाळं करायचं नाही. जो करील त्याचं सामान जप्त. राजांची पालखी गर्दीत दोनदा अडकली होती, एवढंच कारण.

पहिला सापडला लतीफ कल्हईवाला. बिचाऱ्याने काही म्हणजे काही केलं नव्हतं. पिंपळाखाली भट्टी लावून भाता मारत बसला होता. पण कल्हई म्हटलं की माणसं थांबतातच. नवसागराचा धूर निघतो, काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं होतं, मग घरी कितीही कामं पडलेली असोत, पाय काही निघत नाही. कोतवालाने भाता उचलला, आणि लतीफलाही. भाता गेला म्हणजे घरची चूल गेली.

लतीफची बायको हलिमा मागोमाग दरबारात पोचली.

"महाराज, माझा नवरा एकटा बसला होता. एकट्याचं कोंडाळं होतं का?"

"लोक जमले होते ना?" राजे म्हणाले.

"किती जमले म्हणजे कोंडाळं?"

राजांनी दोन्ही शास्त्रीबुवांकडे पाहिलं. थोरले म्हणाले, पाच. धाकटे म्हणाले, सात, आणि शब्द कुंडलावरून आला. थोरले म्हणाले, कुंडलं तर दोनच असतात. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलेनात.

राजे हट्टाला पेटले. "बाई, आता तूच सांग. कोंडाळं किती जणांचं, आणि हा शब्द काढला कुणी? सूर्य मावळायच्या आत पटेल असं सांगितलंस तर भाता परत. नाहीतर करंजगडात कल्हई कायमची बंद."

"सांगते. पण नुसतं तोंडाने नाही सांगता यायचं. भाता घटकाभर द्या, आणि तुमच्या मुदपाकखान्यातलं एक कळकट पातेलं."

"कळकट? आमच्या मुदपाकखान्यात?"

"किती आणू?" आचाऱ्याने विचारलं.

लतीफने समोरच्या चौकात भट्टी पेटवली. राजे वर चौथऱ्यावर बसून होते. आधी आचारी जवळ गेला, पातेलं त्याचं म्हणून. मग दोन पहारेकरी सरकले. मग शास्त्रीबुवा आले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. कोतवाल आला लक्ष ठेवायला. धूर वर चढला. लतीफने कथलाची कांडी टेकवली, कापसाचा बोळा फिरवला आणि सगळे एकदम "अहाहा" म्हणाले.

"काय झालं?" राजांनी विचारलं.

कुणी वळून पाहिलं नाही. पातेलं पाण्यात गेलं, चर्र आवाज आला. राजे उठले, खाली उतरले. पुढे आचाऱ्याची पाठ होती, आणि ती चांगली रुंद होती. राजांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. शेवटी टाचा उंच करून कोतवालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, कसलं कोंडाळं आहे हे?"

"झालं महाराज," बाजूला उभी असलेली हलिमा म्हणाली. "उत्तर आलं."

"कुठं आलं?"

"आचारीदादा, तुम्ही इथं काय करताय?"

"पातेलं बघतोय."

"शास्त्रीबुवा, तुम्ही?"

"पातेलं बघतोय," दोघेही म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"ऐकलंत? आतल्यांना कोंडाळं दिसतच नाही, पातेलं दिसतं. हा शब्द काढला तो मागे उभं राहणाऱ्याने, ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याने. त्याच्या आधी पाच असोत की सात, ती नुसती माणसं. टाचा उंच करणारा पहिला जण आला, की कोंडाळं झालं."

राजांनी टाचा खाली टेकवल्या.

कोतवाल माणूस कामाचा पक्का. त्याने विचारलं, "मग हुकुमाप्रमाणे सामान जप्त करायचं कुणाचं?"

"ते मी कोण सांगणार, कोतवालसाहेब? टाचा कुणी उंच केल्या, तेवढं मी पाहिलंय."

कोतवालाने राजांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहत राहिला.

राजांना हसू फुटलं. इतकं, की चौथऱ्याची पायरी धरून खाली बसावं लागलं. तिथूनच त्यांनी हुकूम फाडायला सांगितला. भाता लतीफचा लतीफला दिला, हलिमाला शालजोडी दिली, आणि मुदपाकखान्यातल्या सगळ्या भांड्यांची कल्हई दरसाल लतीफकडे लावून दिली.

"कल्हई इथंच चौकात लावायची," राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि आचाऱ्याला सांगा, त्याने आमच्या मागे उभं राहायचं."