मोरपिसावरचं फडकं

फार फार पूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक बाजार भरत असे. त्या बाजाराचा नियम एकच, पण पक्का. विकणाऱ्याने टोपलीवरचं फडकं आधी स्वतः उचलायचं आणि तळातला मालही वर करून दाखवायचा. नासका माल झाकून विकला, तर घेतलेलं परत करायचं आणि झालेलं नुकसानही भरून द्यायचं.

एके दिवशी तिथे एक गोडबोल्या आला. त्याच्याजवळ टोपली नव्हती, मोरपिसं होती.

"डोंगरापलीकडे माझी आमराई आहे," तो म्हणाला. "आज एक पीस घ्या, उन्हाळ्यात शंभर आंबे घ्या. राबणार मी, खाणार तुम्ही!"

असं कोण सोडतंय? कुणी धान्य दिलं, कुणी घोंगडी दिली. एका कुंभारणीने तर आपली दुभती शेळी दिली. तिची तान्ही लेक त्याच शेळीच्या दुधावर वाढत होती. पण शंभर आंबे विकून दोन शेळ्या येतील, असा तिने हिशेब केला. मनातल्या मनात तिने त्यांची नावंही ठेवली.

पुढे ती माती आणायला डोंगरापलीकडे गेली, तेव्हा सहज आमराईत डोकावली. कुंभारणीचा हात तो! सवयीने तिने मडकं वाजवावं तसं एक खोड वाजवलं. आवाज भद्द आला आणि सालीतून भुसा गळाला. तिने सगळी झाडं वाजवून पाहिली. दहांतली सात खोडकिड्याने पोखरली होती. घरी लेक दुधासाठी रडत होती.

दुसऱ्याच बाजारी तिने गोडबोल्याला पंचासमोर उभं केलं. पंच म्हणजे वांगी विकणारी एक म्हातारी. जिभेने तिखट, पण न्यायाला सरळ.

गोडबोल्या हसून म्हणाला, "आजी, मी पीस विकलं आणि पीस दिलं. फडक्याचा नियम टोपलीला. पिसाला कुठे फडकं असतं?"

"खरंच की," म्हातारी म्हणाली. "माझ्या छपरावर रोज सहा मोर नाचतात. तुला ढीगभर पिसं देते. दे हिची शेळी!"

बाजार खो खो हसला.

म्हातारीने कुंभारणीला विचारलं, "बाई गं, पिसासाठी शेळी दिलीस?"

"छे हो आजी! आंब्यांच्या आशेने दिली."

"आणि आमराईत राबणार कोण होतं?"

"हेच की," तिने गोडबोल्याकडे बोट दाखवलं.

"मग झालं तर. माल हिचा, राबणं तुझं, आणि तुझ्या राबण्यातून नफ्याची आशा हिला. याला वाटा विकणं म्हणतात, बाबा. त्याला पीस म्हण नाहीतर दुधी भोपळा म्हण, नियम लागू! आता सांग, झाडं किडलीत हे तुला ठाऊक होतं?"

"होतं... पण मी खोटं कुठे बोललो? मला कुणी विचारलंच नाही!"

म्हातारीने टोपलीतलं एक किडकं वांगं काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "हे मी आधी दाखवते, कुणी विचारायची वाट बघत नाही. गोड तेवढं सांगितलंस आणि किडकं गिळलंस. तीही लबाडीच."

निवाडा झाला. गोडबोल्याने सगळ्यांचं सगळं परत केलं. शिवाय शेळी जितके दिवस त्याच्याकडे होती, तितके दिवस रोज आपल्या गाईचं दूध त्याने कुंभारणीकडे पोचवायचं ठरलं. तो डोंगर उतरून घामाघूम होऊन यायचा. कुंभारीण आधी चरवीवरचं फडकं उचलून नीट बघायची, मगच दूध घ्यायची. लेक चांगली गुटगुटीत झाली.

पुढच्या वर्षी गोडबोल्या पुन्हा पिसं घेऊन आला. या वेळी तो ओरडत होता, "झाडं दहा, किडलेली सात, तीन धडधाकट! पिसामागे आंबे पाच! वारा-पाऊस देवाच्या हाती!"

आणि गंमत बघा, त्याची पिसं खपली. कुंभारणीनेही एक घेतलं. शेळी देऊन नव्हे हं, एका मडक्यावर! उन्हाळ्यात तिला मोजून पाच आंबे मिळाले आणि लेकीने ते कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ले.

तात्पर्य: आशा विकायची असेल, तर तिला नाव कोणतंही द्या, पण तिच्यावरचं फडकं आधी आपल्याच हाताने उचला.