मापात बसलेला कोट

मिरजेकडच्या एका बँडपार्टीत यल्लाप्पा क्लॅरिनेट वाजवायचा. खोकल्यानं बेजार झाल्यावर त्यानं बायकोची, चंद्राक्काची, शपथ घेऊन बिडी सोडली. तलफ आली की खिशातले फुटाणे, शेंगदाणे, मिळालंच तर फरसाण तोंडात टाकायचा. चार महिन्यांत खोकला गेला, पण पोट सुटलं.

लग्नसराईच्या तोंडावर बँडमालक आबासाहेबांनी लाल कोट वाटले. यल्लाप्पाच्या कोटाची बटणं काही केल्या लागेनात. मालक सगळ्यांदेखत गरजले, "कोटात मावेल तोच माझ्या बँडमध्ये वाजवेल! ओढ पुन्हा बिडी, आपोआप वाळशील."

यल्लाप्पानं मान खाली घातली. त्याचा हात नकळत कानामागं गेला. तिथं पूर्वी बिडी खोचलेली असायची.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या चंद्राक्कानं तो हात पाहिला. ती पुढं झाली. नवऱ्याच्या अंगातला कोट काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर चढवला, सगळी बटणं लावली आणि पुढ्यात क्लॅरिनेट ठेवलं.

"बघा मालक, कोट कसा मापात बसलाय. आता सांगा त्याला वाजवायला."

सगळा बँड खो-खो हसला. मालकांनी ओशाळून यल्लाप्पाला खूण केली. पूर्वी दोनदा खोकल्याशिवाय न संपणारी गाण्याची ओळ त्यानं एका दमात वाजवली. मालकांनी शिंप्याला बोलावलं.

चंद्राक्कानं नवऱ्याच्या खिशातलं फरसाण काढून घेतलं आणि काकडीच्या फोडी हातावर ठेवल्या.

"खावा आता हे. शिंपी कोट एकदाच सैल करणार हाय."