बिनओची ठकू

पाहुणे, घळीपलीकडे काळवंडलेले दगड दिसतात ना, तो ठकूचा माळ. तिथं घर नाही, गोठा नाही. तरी दिवेलागणीला आमची अख्खी कुसरवाडी तिकडे तोंड करून "ओ" म्हणते. हाक कुणी मारलेली नसते. खुशाल मोबाईलची रेंज शोधत बसा, पण त्या वेळी हसू नका.

या डोंगरात घरं लांब लांब. रानातून सगळे परतले का, हे कळायला संध्याकाळी एका घरानं हाळी द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, अशी जुनी रीत. ओ आली की जीव भांड्यात पडायचा.

ठकूबाईचा नवरा पटकीनं गेला तेव्हा भीतीपोटी भाऊबंद फिरकले नाहीत. मग तिनंच त्याला अग्नी दिला, असं सांगतात. बाईमाणसानं असं केलं म्हणून पंचांना राग आला. स्वतः यायची छाती नव्हती, राग मात्र आला! त्यांनी तिला वाळीत टाकलं आणि बजावलं, "तिच्या हाळीला कुणी ओ द्यायची नाही."

ती त्या माळावर खोपटं बांधून राहिली. रोज संध्याकाळी एकेका घराचं नाव घेऊन हाळी द्यायची म्हणे. घरोघरी ऐकू जायची, पण सगळे खाली मान घालून जेवायचे. तेव्हापासून आमच्याकडे एकटेपणाला शब्द पडला, बिनओचं. हाक मारायला तोंड आहे, पण ओ द्यायला कुणी नाही, ते बिनओचं. म्हातारी माणसं अजून म्हणतात, "आज लई बिनओचं वाटतंय."

एका फाल्गुनात कड्याच्या वरच्या गवतात वणवा लागला. गाव कड्याच्या पोटात, त्याला काहीच दिसेना. ठकूला समोरून सगळं दिसत होतं. ती हाळ्या देऊ लागली. गावाला वाटलं, रोजचंच आहे. तेवढ्यात वाऱ्यानं ठिणग्या घळ ओलांडून तिच्या माळावर पडल्या. तिला ओढ्यात उतरता आलं असतं, पण तिथून आवाज वर पोचला नसता. ती जागची हलली नाही.

शेवटी तिची जाऊ मंजुळा ताटावरून उठली. पंचांना न जुमानता अंगणात जाऊन ओरडली, "ओ, ठकूबाय! काय गं?"

"वणवा आला! पोरं घिऊन वढ्यात पळा!"

गाव वाचलं. सकाळी पंचांसकट सगळ्यांनी काठावरून ठकूला हाळ्या दिल्या. पलीकडून ओ आली नाही.

आजही कुसरवाडीत हाडवैर असलं तरी हाकेला ओ दिली जाते. आणि दिवेलागणीला माळाकडे ओ दिल्यावर सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात. तिला अजून काही सांगायचं असेल, तर ते ऐकू यावं म्हणून.