कोपऱ्याची काडी

"...मग मला पिंपळदऱ्याला पाठवताय ना, बाबा?"

दादामियां फकीर आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, पायरीवर बसले होते. त्यांनी शिष्याकडे पाहिलं.

"तिथं जाऊन काय करशील, मुकुंदा?"

"प्रवचन. माझं तयार आहे, शब्दन्‌शब्द पाठ. कुठल्याही गावात चालेल असं."

खोटं नव्हतं ते. मुकुंदा बोलू लागला की झाडावरचे कावळेसुद्धा गप्प बसत. पिंपळदऱ्याला चार शब्द सांगणारा, गावातच राहणारा माणूस हवा होता. आणि मुकुंदाला ते गाव हवं होतं. इतकी वर्षं त्याच आशेवर तो बाबांपाशी राहिला होता.

"पिंपळदऱ्याच्या भागूबाई येतील आज, माणूस बघायला," बाबा म्हणाले. "तोवर खिडकी पूस."

तकियाची ती खिडकी लहान लहान काचांची. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या. उदाच्या धुराने आणि दिव्याच्या काजळीने सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

मुकुंदाने बाजारातून आणलेला रुंद ब्रश काढला. साबणाचं पाणी केलं. हात भराभर चालला.

"झाली, बाबा."

बाबा उठून आत आले. काचा मधोमध लखलखत होत्या. कोपऱ्यांत काजळी तशीच.

बाबांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं...

मुकुंदाने ब्रश दाबला. केस दुमडले, कोपरा काळाच राहिला. मग त्याने भांडी घासायचा काथ्याचा राठ ब्रश उचलला आणि जोर लावला. जुनी काच चौकटीत खुळखुळली.

"पुरे," बाबा म्हणाले.

"दोष खिडकीचाच आहे, बाबा. काचा इतक्या लहान केल्यात, ब्रश जाणार कसा?"

नाचता येईना, अंगण वाकडं. आपण असतो तर लगेच ऐकवलं असतं. बाबांनी नाही ऐकवलं, आणि त्या माणसाचं मला हेच फार आवडतं.

ते अंगणातल्या कडुनिंबाकडे गेले. एक काडी मोडून घेतली, टोक दाताखाली धरलं आणि चावू लागले. सकाळी दात घासायला चावतात तसं.

"बाबा, पाठवताय ना?"

बाबा चावत होते.

"निदान हो की नाही, एवढं तरी..."

बाबा चावत होते. भरल्या तोंडाने माणूस बोलणार तरी काय?

टोकाचा बारीक कुंचला झाला. त्यांनी तो कोपऱ्याला लावून पाहिला. जाड होता. पुन्हा चावला, पुन्हा लावला. आता बरोबर बसला. काच हललीसुद्धा नाही. काजळी सुटून आली आणि फरशीवर उजेडाचा हिरवा ठिपका पडला. म्हातारे हात, पण काय हलके! मुकुंदा बघतच राहिला.

काडी घेऊन तो पुढच्या काचेकडे वळला. थांबला.

"बाबा, हिचा कोपरा वेगळाच आहे. चौकट फुगलीय. ही काडी आत जात नाही."

बाबांनी नवी काडी पुढे केली.

"चाव."

...

दुपारी भागूबाई आली. मुकुंदा खिडकीपाशी, तोंडात काडी. तिने हात जोडले, त्याने मान हलवली.

ऐकतोय म्हणून ती बोलू लागली. सून माहेरी निघून गेली, ते. दोघा मुलांनी घरात मधोमध भिंत घातली, ते. प्रवचनातलं एखादं वाक्य मुकुंदाच्या ओठांवर आलंच असणार. पण तोंडात काडी होती. तो चावत राहिला, ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला, आणि तो त्या बाईकडे नीट बघू लागला.

भागूबाईने पदराने डोळे पुसले. एवढं ती आजवर कुणाशीच बोलली नव्हती.

मग ती पायरीवर आली.

"बाबा, मानूस लई चांगला हाय. पर एक अक्षर बोलला न्हाई. गावाला काय सांगू? परवचन जमंल का ह्यांना?"

आत फरशीवर रंग सांडले होते. मुकुंदा पुढच्या कोपऱ्यासाठी नवी काडी चावत होता. कान मात्र इकडेच.

"घेऊन जा त्याला," दादामियां म्हणाले. "पाठ केलेलं आता यायचं नाही ओठांवर. कडुनिंब चावून तोंड कडू झालंय त्याचं."